बाण दावणार न्हाई

म्हसवड, ४ डिसेंबर २०२४

ती. आबा,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण त्याला आधी दार उघडावं लागतं, आणि दिवाळीपास्नं ते माझ्यापुरतं बंद हाय. तवा हा हितनंच घ्या.

फोन तुमी उचलत न्हाई, मेसेज उघडत न्हाई. पण हातात पत्र आलं की वाचल्याबगार तुमी खाली ठेवत न्हाई, ही पलटणीतली सवय मला ठावं हाय. म्हणून कागद घेतला. घरच्याच बोलीत लिहितेय. शुद्ध लिहिलं की तुमाला कुणाचा तरी अर्ज आल्यागत वाटतं आणि चष्मा शोधायच्या आधीच तुमी त्यावर न्हाई म्हणून मोकळं होता.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते, म्हंजे कागद संपेपर्यंत तुमी वाट बघत बसणार न्हाई. ही माफी न्हाई. लष्करात अधिकारी व्हायची लेखी परीक्षा मी पास झाले, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मी गेले न्हाई. सुभेदाराची पोरगी साहेब होणार म्हणून तुमी गावभर पेढे वाटलं होतं. मला साहेब व्हायचं न्हवतं, गेम करायचं होतं, आणि सांगलीत बसून मी तेच करतेय. तुमी म्हणला, असली खेळणी करायची असतील तर ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई. न्हाई ठेवला.

आता आमी काय करतो ते तरी ऐका, कारण तुमी ते कवा विचारलंच न्हाई. डोळ्याला हेडसेट लावायचा. लावला की माणूस दुसऱ्याच जागी उभा ऱ्हातो. मान वळवली की बाजूचं दिसतं, खाली वाकलं की जमीन जवळ येते. आमच्या गेममध्ये माणूस एका माळावरच्या वस्तीत पोचतो. दिस बुडायला आलाय, समोर एक घर हाय आणि त्याचं दार बंद हाय. तितनं पुढं गेम चालू होतो. कोड माझा भागीदार विश्वजित लिहितो, पलूसचा हाय. वस्ती मी रचते.

हितं सिद्धनाथाच्या यात्रेत आमी तंबू ठोकलाय. लोकांनी खेळावं आणि तोंडावर सांगावं काय चुकतंय, एवढ्यासाठी. पुण्यातल्या आमच्या दोस्तांनी खेळून बघितला तवा सगळ्यांनी दिसल्या दिसल्या दाराची कडी धरून वढली आणि आत घुसले. आमाला वाटलं, झ्याक जमलं, सांगावं लागत न्हाई.

मग परवा हरणाबाई आल्या. माणच्या माळावरच्या, मेंढरं राखण्यात जन्म गेलेल्या. "डोळ्याला झापड बांधतीस व्हय गं, बैलावानी?" म्हणल्या आणि बांधून घेतली. दाराकडं गेल्याच न्हाईत. लांब अंगणातच थांबल्या. खाकरल्या. मग हाक मारली, "हाय का कोण घरात?" थोडं थांबून परत हाक मारली. आतनं कोण बोलंना. तवा म्हातारीनं काय करावं? गेममधल्या घराला ओटा हाय. त्यांनी त्याच्याकडं पाठ केली, लुगडं सावरलं आणि ऐसपैस त्या ओट्यावर टेकायला गेल्या.

ओटा होता गेममध्ये. तंबूत होती नुसती सतरंजी. विश्वजित पळत गेला, पण अर्धीच सापडली त्याला. "अगं आई गं, कसलं वंगाळ घर बांधलंय गं बाई!" म्हणून त्यांनी आमाला असलं झापलं की शेजारचा भेळवाला भेळ सोडून बघायला आला. लागलं न्हाई त्यांना, मी हात जोडून विचारलं.

आणि आबा, मजा ऐका. त्यांच्या मागनं जी माणसं आली ती बी तशीच. हाक मारायची, थांबायची, ओटा बघून बसायला जायची. दुसऱ्या दिवशी आमी मागं एक माणूस धरायलाच उभा केला. हितल्या एकानंबी परक्याच्या दाराला हात लावला न्हाई. आणि मी, जिला तुमी ल्हानपणी शेजारचं दार ढकललं म्हणून कान धरून परत अंगणात नेऊन हाक मारायला लावली होती, तीच मी गेममध्ये लोकांनी धरावी म्हणून दाराची कडी चमकवत बसले होते.

गेम आता सगळा बदलणार. आणि एक मागणं हाय. चैत्रात आपल्या गावची यात्रा हाय, कमिटीचं अध्यक्ष तुमी हाय. पाळण्याच्या शेजारी मला तंबूएवढी जागा द्या. पोरगी म्हणून न्हाई, एक स्टॉलवाली म्हणून मागतेय.

साहेब न झालेली,
संयोगिता


सांगली, १९ जानेवारी २०२५

ती. आबा,

तुमचं उत्तर आईच्या फोनवरनं कळलं. पाळण्याला जागा, खेळण्यांना जागा, छऱ्याच्या बंदुकीनं फुगं फोडायच्या स्टॉलला तर देवळासमोरची जागा. संयोगिताचा तंबू नामंजूर, कारण काय तर 'डोळं झाकून खेळायचं खूळ आपल्या गावात नको'. वा रं वा कमिटी! आयुष्यभर खरी बंदूक चालवलेला माणूस फुगं फोडायला परवानगी देतो, आणि पोरीनं माणसांना एका दारात नुसतं उभं केलं तर त्याला खूळ वाटतं. मला राग आलाय आणि तो मी लपवणार न्हाई.

राग एकीकडं. काम सांगते.

आमी एक लाकडी बाक करून घेतला. गेममध्ये जितं ओटा हाय तितंच तो ठेवायचा, म्हंजे माणूस टेकला की खरंच टेकतो. ओटा किती उंच धरायचा असं विश्वजितनं विचारलं. मी म्हणले, बसल्यावर माझी टाच जमिनीला लागावी आणि ल्हानपणी लागू नये, एवढा. तो म्हणला, हे माप न्हवं. मी डोळं मिटून हातानं दावलं, त्यानं टेप लावली. तो ओटा आपला हाय, आबा. दाराची चौकट बी आपली. डाव्या अंगाला खुरपं अडकवायचा खिळा सुदिक मी ठेवलाय.

आता गेम असा हाय. तुमी हाक मारली, किंवा नुसतं ओट्यावर बसून ऱ्हायला, तर थोड्या वेळानं वळणावरनं शेरडं घेऊन एक म्हातारा येतो. तुमच्याकडं बघतो आणि एकच शब्द बोलतो, "या." दार उघडतो, आणि मग चूल पेटते, माणसं येतात, सगळी संध्याकाळ पुढं होते. आवाज विश्वजितच्या मामाचा हाय, आकाराममामांचा. त्या एका शब्दासाठी आमी त्यांना दुपारभर बसवलं. मामा वैतागून म्हणलं, "पोरी, आयुष्यात लय जणांना या म्हणलो, पण एवढ्यांदा कवा म्हणलो न्हाई." त्या वैतागातलाच एक आमी घेतला, तोच खरा वाटला.

आणि कुणी कडी धरून आत शिरलंच, तर दार उघडतं. अडवत न्हाई आमी. पण घर रिकामं असतं. चूल गार. कोणच येत न्हाई.

बेंगळुरूची एक कंपनी हाय, ती आपल्या ऑनलाइन दुकानात आमचा गेम मांडायला तयार झालीय. त्यांचा धैर्यशील म्हणून माणूस हाय, मूळचा कराडकडचा. व्हिडिओवर बोलला. गोड बोलतो. म्हणला, गेम छान हाय, पण 'इंट्युटिव्ह' न्हाई. म्हंजे न सांगता कळंल असा न्हाई. खेळणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळलं पायजे काय करायचं ते. ओट्यावर एक चमकता बाण लावा, वर लिवा 'इथे बसा'.

मी म्हणले, म्हसवडात एकालाबी सांगावं लागलं न्हाई.

तो म्हणला, मॅडम, सगळी दुनिया म्हसवडची न्हाई.

मी म्हणले, सगळी दुनिया बेंगळुरूचीबी न्हाई. तुमच्या दुकानातल्या निम्म्या गेममध्ये हातात बंदूक येते आणि चाप कुठं हाय हे कोण सांगत न्हाई. ते तुमाला आपोआप कळणारं वाटतं. मग ओटा दिसल्यावर बसावं, एवढं बी कळू नये व्हय? विश्वजितनं टेबलाखालनं माझ्या पायावर पाय दिला, पण तवर बोलून झालं होतं.

जागा परत मागतेय. कमिटीची बैठक परत होईल तवा विचार करा.

नामंजूर झालेली,
संयोगिता


तासगाव, ११ मार्च २०२५

ती. आबा,

तुमचं उत्तर न्हाई म्हंजे तेच उत्तर हाय, कळलं.

आमी हितं एका बेदाण्याच्या शेडवर चार दिवस ऱ्हायलोय. जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातल्यात, खाली बायका निवडायला बसतात. मालक विश्वजितच्या ओळखीचा. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की बायका हात धुवून येतात आणि बाकावर रांग लावतात.

त्यातली स्वप्नाली म्हणून एक हाय, जिभेला हाड न्हाई तिच्या. तिनं हाक मारली, बसली, म्हातारा आला, या म्हणला, ती आत गेली. हेडसेट काढला आणि माझ्यावर उखडली. "पावण्याला घरात घेतलं आणि पाणी बी विचारलं न्हाई? चूल पेटवून दावतीयास मला? असल्या घरात मी परत जायची न्हाई." बाकीच्या बायका हसून लोळायच्या बाकी ऱ्हायल्या. त्याच रात्री विश्वजितनं तांब्याभर पाणी आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, हात पुढं करून तांब्या घेतला, वरनं प्याल्यागत मान मागं केली आणि म्हणली, "आता कसं!" लोकांचं मत म्हणतात ते हे, आबा. कुणी मला असं झापलं की रागाऐवजी कामाची भूक लागते.

नेटवर बी आमी थोड्या लोकांना खेळायला दिलाय. तितली मतं अशी. एकजण म्हणतो, घर रिकामं हाय, गेम अर्धवट सोडलाय. दुसरा म्हणतो, दार उघडल्यावर काहीच होत न्हाई, वेळ वाया. तिसऱ्याला चक्कर आली, ती चूक आमची, दुरुस्त केली. आणि एकानं, कुठल्या थंड देशातला हाय देव जाणे, लिहिलंय की मी दार उघडून आत गेलो, चुलीत राख होती, मला कसंतरी झालं. मी बाहेर आलो, गेम पहिल्यापास्नं चालू केला आणि काय करावं कळेना म्हणून ओट्यावर बसून ऱ्हायलो. म्हातारा आला तवा मला रडू आलं.

हे मी विश्वजितला वाचून दावलं. म्हणले, बघ, त्याला कुणी बाण दावला न्हवता.

तो म्हणला, "असा एक. बाकीचे सोडून गेले. संयू, एक बाण गं. एवढासा. पहिल्यांदाच दिसंल, मग जाईल."

मी न्हाई म्हणले. मोठं भांडण झालं, शेडमधल्या बायका निवडायचं थांबल्या. शेवटी तो म्हणला, "तुझं भांडण धैर्यशीलशी न्हाईच. तुझ्या वडलांशी हाय. त्यांच्यापायी गेम बुडवतीस तू."

असंल. मी त्याला न्हाई म्हणू शकले न्हाई, म्हणून तुमाला सांगते.

दिवाळीचं मी काढणार न्हवते, पण आता काढते. नरक चतुर्दशीच्या संध्याकाळी मी आले होते. तुमी शिकवलं तसंच केलं. दाराला हात लावला न्हाई. अंगणात थांबले, हाक मारली, "आबा, हाय का घरात?" तुमी खाकरल्याचं मला ऐकू आलं. आई आत रडत होती ते बी ऐकू आलं. मी ओट्यावर बसले. पणती तेल संपून विझली, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून मी उठले. परक्यानं हाक मारली तरी तुमी चहा सोडून उठता. मी हाक मारली तर उठला न्हाई.

म्हणून आमच्या गेममध्ये जो बसतो त्याच्यासाठी कोण ना कोण येतंच. त्यात मी तडजोड करणार न्हाई. आणि माणूस बसला तो आपल्या मनानं बसला पायजे. बाण बघून बसलेल्या माणसाला या म्हणण्यात काय अर्थ हाय? तो पावणा न्हवं, तो सांगितल्या कामाचा.

यात्रेला मी येणार हाय. जागा द्या, नका देऊ.

तुमचीच हट्टी,
संयोगिता


कोरेगाव एस.टी. स्टँड, २१ एप्रिल २०२५

ती. आबा,

काल जे झालं ते तुमच्याच अंगणात झालं, तरी लिहितेय. तुमी त्यावर माझ्याशी काहीच न बोलता देवळाकडं गेलात. मग ते बोलणार कोण?

कमिटीची हद्द देवळाच्या पटांगणापुरती हाय, हे मी सरपंचाला विचारून घेतलं होतं. आपल्या अंगणात कमिटीचं काय चालतंय? म्हणून सकाळी तुमी पालखीबरोबर गेल्यावर आमी टेम्पो सरळ दारात आणला. वायर आईनं खिडकीतनं दिली. तिला एक शब्द बोलायचा न्हाई, मी आधीच सांगून ठेवते. दार तिनं उघडलं न्हाई, मीच नको म्हणले. तुमी दुपारी परसाच्या दारानं आत येऊन आडवं झालात, ते आमाला कळलं. आमी काम थांबवलं न्हाई.

बाक आणला होता, पण टेम्पोतनं काढलाच न्हाई. ओटा होता की. गेममधलं घर मी असं फिरवलं की त्यातलं दार आणि आपलं दार एकाच जागी यावं. गेममधला ओटा तंतोतंत आपल्या ओट्यावर बसला. विश्वजित हात लावून बघत होता आणि म्हणत होता, आयला, संयू, खिळा सुदिक.

शेजारच्या रविराजची आजी पहिली आली. तिला हेडसेट बांधला, मी मागं उभी ऱ्हायले. ती खाकरली. मग तिच्या त्या शेतापल्याड जाणाऱ्या आवाजात हाक मारली, "हाय का कोण घरात?"

गेममध्ये शांत. घरात बी शांत.

तिनं परत हाक मारली, "आवं, हाय का कोण?"

आणि आतनं तुमी बोललात, "कोण हाय?"

आबा, दिवाळीला पणती विझंपर्यंत जे ऐकायला बसले होते, ते एका म्हातारीनं दुसऱ्या हाकंला मिळवलं. तिला ते गेममधलंच वाटलं. "मी हाय, बसते हितं," म्हणली आणि निवांत ओट्यावर टेकली. इकडं आमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर शेरडं वळणावर आली, म्हाताऱ्यानं बघितलं, या म्हणला. आणि तिकडं तुमी कडी काढून दार उघडलं. खांद्यावर टॉवेल, डोळ्यावर झोप, समोर निम्मी आळी.

आजी उठली आणि सरळ चालायला लागली. गेममध्ये दार उघडं, बाहेर बी दार उघडं. मी धरायला पुढं झाले, पण तुमी माझ्या आधी हात घातलात. उंबऱ्याला ठेच लागणार एवढ्यात तुमी तिचं दोन्ही हात धरलंत आणि हळू आत घेतलंत. ती झापड लावलेल्या डोळ्यांनी तुमच्याकडं बघून म्हणली, "चांगला माणूस हाय बाई, हात धरून आत घेतो." सगळी आळी फुटली हसून. तुमी हसला न्हाई, पण मिशी हलली, ती मी बघितली.

मग तुमी तिला बसवलंत, बाहेर आलात, माझ्याकडं न बघता देवळाच्या मांडवाकडं तोंड करून बोललात, "माणसं उन्हात उभी केल्यात. सावलीची काय सोय हाय का न्हाई?" आणि गेलात. थोड्या वेळानं कमिटीची दोन पोरं ताडपत्री घेऊन आली. कुणी पाठवलं म्हणून विचारलं तर म्हणली, अध्यक्षांनी. दिवे लागंपर्यंत रांग होती. आख्ख्या दिवसात कुणाला काय करायचं ते सांगावं लागलं न्हाई.

बेंगळुरूच्या कंपनीनं परवाच कळवलं होतं, बाण न्हाई तर दुकानात जागा न्हाई. तुमच्या कमिटीचीच भावंडं. आज सकाळी विश्वजितनं त्यांना उत्तर धाडलं, मला न विचारता. भीत भीत उघडून बघितलं. त्यानं लिहिलंय, बाण लागणार न्हाई, कळावं. आमी आता यात्रा-यात्रा फिरणार. दुकान मिळंल तवा मिळंल.

आता शेवटचं. तुमी जाताना दार तसंच उघडं ठेवून गेलात. आई आतनं हातानं बोलवत होती, ये गं ये. रविराजची आजी आत बसून चहा पीत होती. मी ओट्यावर बसले होते, सामान आवरलं तरी बसलेच होते. पण आत आले न्हाई. दार उघडं दिसलं म्हणून शिरणाऱ्यातली मी न्हवं, तुमीच तसं वाढवलंय.

पुढच्या रविवारी येणार हाय. तंबू न्हाई, हेडसेट न्हाई, नुसती मी. अंगणात थांबून हाक मारीन आणि ओट्यावर बसीन. कडीला हात लावणार न्हाई, आईला मधी घालणार न्हाई, आणि माफी तर मागणारच न्हाई. गाडी चुकली तर चुकली.

तुमी काय म्हणायचं ते मी हितं लिहून देत न्हाई. बाण मी तुमालाबी दावणार न्हाई.

तुमची,
संयू